टाकलेले आणि दिलेले

कळंबला आमच्या जुन्या घराच्या परसात एक कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी माझी नाळ पुरली आहे, असे आजी सांगत असे. पुढे जन्मभर नाळेशीच काम पडले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की आपण या बाबतीत जरा ढिलाईने बोलतो. जमिनीत पुरतात ती खरे म्हणजे वार, आणि तिला लागून असलेली नाळ. बाळाच्या बेंबीशी उरलेला बोटभर तुकडा पुढे आठदहा दिवसांत सुकून आपोआप गळतो. पण भाषेने नाळ तेवढी उचलली आणि वार सोडून दिली. ‘तिथे माझी नाळ पुरली आहे’ असे म्हणताना चांगल्या चांगल्या माणसांचा आवाज हलतो. ‘तिथे माझी वार पुरली आहे’ असे म्हणून पाहा, नुसते हसू येईल.

सणाच्या अंकात आरंभीच हा विषय काढला याबद्दल वाचकांनी रागावू नये. ज्या घरात दिवाळीला पाळणा हलतो आहे त्या घराला तरी तो परका नाही.

मी पेशीविज्ञानाची अभ्यासक. रक्त का साकळते आणि, त्याहून नवलाची गोष्ट, ते एरवी का साकळत नाही, या एका प्रश्नात माझी पस्तीस-चाळीस वर्षे गेली. काचेच्या नळीत घेतलेले रक्त पाचदहा मिनिटांत दह्यासारखे घट्ट होते. तेच रक्त आपल्या अंगात सत्तर-ऐंशी वर्षे वाहते आणि कुठे अडत नाही. रक्त तेच, मग फरक कशाचा? फरक भांड्याचा. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असते, अवघ्या एका पेशीच्या जाडीचे. फार दिवस लोकांना वाटे की हे अस्तर म्हणजे नळाला आतून दिलेला गिलावा. गुळगुळीत आहे म्हणून रक्त चिकटत नाही, एवढेच त्याचे काम. तसे ते नाही. ही पेशी सतत जागी असते. रक्तातल्या प्लेटलेटना लांब ठेवणारे एक द्रव्य रक्तवाहिनीची भिंत स्वतः तयार करते, हे व्हेन आणि मोंकाडा यांच्या मंडळीने १९७६ साली दाखवले. आणि जखम झाली की हीच पेशी उलट वागते. पोटात लहान लहान कांड्यांसारख्या पेट्यांत साठवून ठेवलेले एक लांबलचक प्रथिन ती बाहेर सोडते, त्याला प्लेटलेट येऊन चिकटतात, मग थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य तंतूंचे जाळे विणते आणि गुठळी बसते. त्यातही गंमत अशी की जखमेपाशी गुठळी बांधणारे हेच थ्रॉम्बिन शाबूत अस्तराला जाऊन टेकले की गुठळी आवरण्याच्या कामाला लागते. एकच माणूस घरात आणि कचेरीत वेगळा वागतो, तसे हे आहे.

पण जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीचे अस्तर अभ्यासाला मिळायचे कसे? ते सोलून द्या, असे कुणाला म्हणता येत नाही. ही अडचण नाळेने सोडवली. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एरिक जाफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाळेतल्या शिरेच्या अस्तरातल्या पेशी सुट्या करून काचपात्रात वाढवण्याची भरवशाची रीत प्रसिद्ध केली. नाळेत दोन धमन्या असतात आणि एक रुंद शीर. त्या शिरेत बारीक नळी घालायची, आतले रक्त धुऊन काढायचे, पेशींची पकड सैल करणारे एक पाचकद्रव्य भरायचे, दोन्ही टोके बांधून अंगाच्या उबेइतक्या उबेत थोडा वेळ ठेवायचे, आणि मग आतले पाणी हलकेच काढून घ्यायचे. त्या पाण्यात पेशी उतरलेल्या असतात. चारदोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर पात्राच्या तळाशी नीट फरसबंदी झालेली दिसते, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशींची. मी हे पहिल्यांदा पाहिले तो दिवस मला अजून आठवतो. कुणा अनोळखी बाईच्या बाळाला नऊ महिने पोसणारी वाट माझ्या टेबलावर जिवंत होती.

अनोळखी बाई, हे शब्द आता लिहिताना लेखणी अडखळते. तेव्हा अडखळली नव्हती.

ऐंशीच्या दशकाचा आरंभ होता. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षातून आम्ही नाळा आणत असू. तिथल्या आयाबाईंशी बोलणे झालेले होते. बाळंतपण झाले की त्या नाळ बाटलीत घालून ठेवीत आणि मी सायकलवरून जाऊन घेऊन येई. बाटलीला क्रमांक चिकटवायचा, वहीत तारीख, वेळ आणि लांबी लिहायची. एरवी ती नाळ भट्टीतच जायची होती, त्यामुळे कुणाला विचारावे हे सुचलेच नाही. सुचले नाही असे म्हणणेही पुरते खरे नाही. माणसांवरील प्रयोगांविषयी हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ सालचा. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली या विषयावर धोरण जाहीर केले होते. ते मी वाचले होते. पण ते रुग्णांविषयी आहे, टाकाऊ वस्तूंविषयी नाही, असा मी सोयीचा अर्थ लावला होता.

त्या वर्षी दिवाळीला कळंबला गेले. आजी करंज्यांना मुरड घालीत बसली होती. मी काय करते हे तिने विचारले आणि मी मोठ्या उत्साहाने सगळे सांगितले. (आजीच्या बोलण्यात ळ नव्हता. आमच्या वऱ्हाडीत त्याचा य होतो आणि ती नाळेला ‘नाय’ म्हणे. वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून मी ळ लिहिते.) तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

‘त्या नाळा कोनाच्या वं?’

‘बाळंतिणींच्या. दवाखान्यात टाकून देतात, त्याच आणतो आम्ही.’

‘टाकून कोन देते? बाळंतीन देते का दवाखाना देते?’

‘दवाखाना.’

‘मंग बाळंतिनीले इचारलं का तुमी?’

मी म्हटले, असे कुणी विचारत नाही आजी, काम झाल्यावर शेवटी जाळूनच टाकतात. तिने करंजी ताटात ठेवली आणि पुढची घेतली. बऱ्याच वेळाने, जणू स्वतःशीच, म्हणाली, ‘मंग लेकरू परत कोठी येईन?’

मी हसले. मला ते त्या वेळी भोळेपणाचे बोलणे वाटले.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी बाटली घ्यायला कक्षाच्या दाराशी गेले, तर एक साठीची बाई आयाबाईंशी हुज्जत घालीत होती. तिची सून रात्री बाळंत झाली होती आणि तिला वार-नाळ घरी न्यायला हवी होती. त्यांच्या घरी ती पुरण्याची रीत होती. आयाबाईंनी माझ्याकडे पाहिले. ती नाळ मी पहाटेच नेली होती आणि प्रयोगशाळेत ती कापून, धुऊन, रिकामी करून झाली होती. माझ्या वहीतला तो सतरावा क्रमांक. वार तर भट्टीत गेली होती. ती बाई माझ्याकडे वळली. अंगावरच्या पांढऱ्या कोटामुळे मी तिला डॉक्टरीण वाटले असणार. ‘बाई, तुमी तरी सांगा हिले’, असे म्हणाली, आणि आम्ही राळेगावकडचे, इतक्या दूरून पोरीला आणले, असेही म्हणाली. राळेगाव म्हणजे कळंबच्या शेजारचा तालुका. तिच्या गावाचे नावही तिने सांगितले. ते मला ठाऊक होते.

मी म्हणाले, ‘सगळे जाळून टाकले हो आजी. इथे तसाच नियम आहे.’

ती थोडा वेळ उभी राहिली, पदर सावरला आणि सुनेच्या खाटेकडे गेली. तिच्यासारखेच बोलणारे माझे घर तीन तासांच्या वाटेवर होते आणि मी तिच्याशी शहरी भाषेत बोलले, हेही मला नंतर जाणवले. त्या सतराव्या क्रमांकाच्या पेशी फार चांगल्या वाढल्या. माझ्या प्रबंधातल्या दोन आकृत्या त्यांच्यावरच्या आहेत.

माझ्या बाजूने सांगण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. त्या नाळेचा तिला काय उपयोग होता? माझ्याकडे तिचा शास्त्राला उपयोग झाला. तिच्या देहाला इजा झाली नाही, खर्च पडला नाही. आपल्याकडे पीक निघाल्यावर शेतात जे उरते त्याला सरवा म्हणतात, आणि गरीब बायाबापड्यांनी तो वेचायचा अशी रीत आहे. मीही सरवाच वेचत होते. हा युक्तिवाद मला कित्येक वर्षे पुरला. मग एकदा कळंबच्या रस्त्यावरून जाताना खरोखरच सरवा वेचणाऱ्या बाया दिसल्या आणि तो कोसळला. सरवा वेचायचा तो मालकाचे आटोपल्यावर, दिवसाढवळ्या, त्याच्या देखत. मालकाला ठाऊक असते की आपण काय सोडले आणि कुणासाठी. मी पहाटे सायकलवरून नेत होते. सरव्याच्या मागे सोडणारा हात असतो. माझ्या बाटलीच्या मागे कुणाचाच हात नव्हता. टाकणे आणि देणे ही दोन क्रियापदे मी एकच धरून चालले होते.

हे माझे एकटीचे पाप, असा टाहो मात्र मला फोडायचा नाही. आमच्या शास्त्राचा पायाच अशा माणसांच्या रक्तावर आहे. बाल्टिक समुद्रात, स्वीडन आणि फिनलंड यांच्यामध्ये, ओलांड नावाची बेटे आहेत. तिथल्या फॉग्लो बेटावरची ह्योर्दिस नावाची पाच वर्षांची मुलगी १९२४ साली हेलसिंकीच्या एरिक व्हॉन विलेब्रांट या डॉक्टरांनी तपासली. बारा भावंडांचे घर. बहुतेकांना रक्त न थांबण्याची खोड. १९२६ साली डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला. ह्योर्दिस तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात गेली. रोगाला आज डॉक्टरांचे नाव आहे. आणि ज्या प्रथिनाची तिच्या रक्तात उणीव होती ते, म्हणजे कांड्यांच्या पेट्यांत साठवलेले ते लांबलचक प्रथिन, रक्तवाहिनीच्या अस्तरात तयार होते, हे जाफे यांनी १९७३-७४ साली दाखवले ते नाळेतल्या पेशींवरच. त्या पेशी ज्यांच्या नाळेतल्या, त्या बायांची नावे कुठल्या निबंधात सापडत नाहीत.

काहींची नावे राहिली, हेही सांगितले पाहिजे. १९५२ च्या नाताळातल्या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात स्टीफन ख्रिसमस नावाच्या पाच वर्षांच्या मुलाच्या रक्तातला दोष प्रसिद्ध झाला आणि सण, मुलाचे आडनाव आणि रोग अशी तिन्ही नावे एक झाली. तो मोठा झाला, टॅक्सी चालवली, छायाचित्रे काढली, आणि उपचारासाठी घेतलेल्या रक्तातून एड्स होऊन १९९३ च्या डिसेंबरात वारला. रक्त सुरक्षित असावे म्हणून शेवटपर्यंत भांडला. जॉन हेगमन हा अमेरिकन रेल्वेतला ब्रेकवाला. त्याचे रक्त काचेत साकळत नसे, पण जखमेतून भलताच रक्तस्राव होत आहे असेही नसे. १९५५ साली रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्या घटकाला हेगमनचे नाव मिळाले. ज्याच्या रक्ताची ख्याती साकळत नाही म्हणून, तो १९६८ साली फुप्फुसात गुठळी अडकूनच गेला. अशी गोष्ट कादंबरीत घातली तर संपादक कापून टाकील.

आणि आपल्या मुंबईचे? १९५२ सालीच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन माणसांच्या रक्तात एक नवाच गट शोधला. ए, बी आणि ओ यांच्या मुळाशी असणारे द्रव्यच त्यांच्या रक्तात नव्हते. जगाने त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हटले, शहराचे नाव बदलले तरी ते तसेच राहिले. शहराला मान मिळाला. ती तीन माणसे कोण, हे आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही.

पेशीविज्ञानात माझ्या पिढीतल्या मराठी मुलींपुढे एक नाव होते, डॉ. कमल रणदिवे यांचे. पुण्याच्या हुजूरपागेतली ही मुलगी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याची विद्या शिकून आली (आडनावाचा उच्चार खरोखरच तसा आहे, त्याला माझा इलाज नाही) आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात तिने देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. माझ्या हातातले कसब त्या परंपरेतले, याचा मला अभिमान आहे. पण गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता वाढवल्या गेल्या. त्याच वर्षी ती वारली. पेशी जगभर गेल्या. घरच्यांना वीसेक वर्षे पत्ता नव्हता. तिच्या वारसांची त्या पेशींवर कमाई करणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी तडजोड व्हायला २०२३ साल उजाडले. विद्या आणि तिचे कर्ज एकाच पाकिटातून आपल्याकडे आले. आपण विद्या तेवढी मोजून घेतली.

मला सगळ्यांत हेवा वाटतो तो उताको ओकामोतो या जपानी बाईंचा. युद्धानंतरच्या टंचाईत तिने आणि तिच्या नवऱ्याने रक्ताचा अभ्यास निवडला, कारण साहित्य कमी पडले तर स्वतःचे रक्त काढता येईल. लेकराला पाठीशी बांधून ती प्रयोगशाळेत काम करी. दोघांनी मिळून ट्रानेक्सामिक अॅसिड शोधले, १९६२ साली प्रसिद्ध केले. बसलेली गुठळी विरघळू न देणारे औषध. बाळंतपणात रक्त जाऊन बाया दगावतात, त्यांना ते द्यावे असे तिचे म्हणणे होते, पण प्रसूतीच्या डॉक्टरांनी मनावर घेतले नाही. २०१६ साली ती अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली. पुढल्याच वर्षी एकवीस देशांतल्या वीस हजारांवर बाळंतिणींवरची पाहणी प्रसिद्ध झाली: पहिल्या तीन तासांत हे औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने कमी होतात. बाईंचे बरोबर होते.

मीही प्रयोगासाठी स्वतःचे रक्त काढून दिले आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. पण ते मला पुण्याईत जमा करता येत नाही. ते देताना मला ठाऊक होते की मी देते आहे.

नव्वदीनंतर हळूहळू रीत बदलली. आज नैतिकता समितीची मान्यता आणि बाईची लेखी संमती असल्याशिवाय नाळेला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तरी त्या कागदाची मला फारशी धन्यता वाटत नाही. कळा चालू असताना पुढे केलेल्या चार पानी छापील कागदावर उमटलेला अंगठा हे दान आहे की सुटकेची घाई, हे अंगठा सांगत नाही. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना पाठवीत नसे, स्वतः जाई, तीही कळा सुरू होण्याच्या आधी, महिन्याच्या तपासणीच्या रांगेत. नाळेत काय असते आणि मी तिचे काय करते ते सांगे. मला वाटले होते निम्म्याअधिक नाही म्हणतील. तसे झाले नाही. बहुतेकींनी ऐकून घेतले आणि न्या म्हणाल्या. एकीने विचारले, त्यात काय सापडते ते आम्हाला कळेल का? एकीने सांगितले, न्या, पण बोटभर परत द्या, पुरायला. ते मी केले. पाचदहाजणींनी साफ नकार दिला, त्यांतल्या एकीने कारणही दिले नाही, आणि खरे सांगायचे तर मला तेव्हा रागच आला. इतक्या वर्षांनीही आला. संमती मागणाऱ्याच्या मनात कुठेतरी ‘हो’ गृहीत धरलेलेच असते.

आजी जाऊन तीस वर्षे झाली. जुने घर पाडून भावाने स्लॅबचे बांधले तेव्हा कडुनिंबही गेला; त्या जागी आता मोटारसायकल उभी असते. गेल्या दिवाळीत मी तिथेच होते. चतुर्थीला चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरून दर्शन घेतले, गुडघ्यांनी तक्रार केली, परत वर आले. भाऊबीजेच्या रात्री भावाची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ती नागपूरला डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला मी सतराव्या क्रमांकाची गोष्ट सांगितली. यापूर्वी कुणाला सांगितली नव्हती.

तिने तत्त्वज्ञान केले नाही. ती म्हणाली, ‘तुला गाव माहीत होतं, आत्या?’

‘हो.’

‘अजून आठवतं?’

‘आठवतं.’

‘मग कधी गेली का नाहीस?’

मी म्हटले, म्हातारी आता कुठली असायला. आणि जाऊन सांगणार काय, की चाळीस वर्षांपूर्वी मी खोटे बोलले?

‘ते बाळ असेल की. चाळीस वर्षांचं.’

हे माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. नाळेला दोन टोके असतात, आणि मी सगळा काळ एकाच टोकाचा विचार करीत होते.

‘राळेगावची गाडी तर आपल्या स्टँडवरूनच जाते’, ती म्हणाली.

जाते. लहानपणापासून पाहते आहे.